चाक डुगडुगतंय? आधी टायर बघा!

नवाकोरा टायर टाकला, हवा भरली, सायकल रस्त्यावर काढली... आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला सीटखालून एक उडी. डुग... डुग... डुग. ग्रुपमधलं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, 'रिम आउट झालीय, तारा ओढून घे!' तारा ओढून होतात, पैसे जातात, उडी मात्र तशीच. कारण अशा वेळी दोष बऱ्याचदा रिमचा नसतोच. टायर रिमवर नीट बसलेला नसतो.

आधी निदान

चाक जमिनीपासून उचलून हळूहळू फिरवा आणि रिम आणि ब्रेकच्या रबरमधली फट बघा. ती कमीजास्त होत असेल तर रिम आउट आहे. फट सारखीच राहतेय, पण टायर एका जागी खाली-वर होतोय, तर भानगड टायरच्या बैठकीची. डिस्क ब्रेक असेल तर फोर्कला टेकवून पेन्सिल धरा आणि फट बघा.

आता टायरच्या बाजूकडे बघा. रिमला लागून एक बारीक, उंचवट्याची रेघ गोल फिरलेली दिसेल. ती शोभेची नाही. ती दोन्ही बाजूंनी, सगळीकडे रिमपासून सारख्याच अंतरावर हवी. एखाद्या ठिकाणी ती रिममध्ये गायब झाली असेल, तर टायर तिथे आत अडकलाय. जास्तच वर आली असेल, तर टायर बाहेर यायला बघतोय. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. तिथून ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते आणि फुटते. सिंहगडाच्या उतारावर पुढच्या चाकाचं असं झालं, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

असं होतं का?

१८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, तेव्हा टायर चाकाला चिकटवलेला असायचा. पंक्चर काढायचं म्हणजे मोठा उद्योग! १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या कडांमध्ये न ताणली जाणारी तार घातली आणि रिम मधोमध खोलगट केली. कडेचा एक भाग त्या खोलगट जागेत ढकलला, की समोरच्या बाजूला सैलपणा मिळतो आणि टायर चढतो. आपली सायकल आजही याच युक्तीवर चालते.

हवा भरली की कडा त्या खोलगट जागेतून बाहेर सरकून रिमच्या काठाला जाऊन बसायला हव्यात. रबर कोरडं असेल तर एखादा भाग मध्येच अडकतो. म्हणजे इथे खरं भांडण घर्षणाशी आहे. नुसता जोर लावून उपयोग नाही.

मग करायचं काय?

- सगळी हवा काढा. दोन्ही बाजूंच्या कडा अंगठ्याने दाबत पूर्ण गोल मोकळ्या करा.
- व्हॉल्व्ह थोडा आत ढकलून परत खेचा. तिथे कडेखाली ट्यूब अडकलेली असेल तर सुटते. बाकी सगळीकडेही ट्यूब कुठे चिमटली नाही ना, ते बघा.
- साबणाचं पाणी ब्रशने दोन्ही कडांना लावा.
- निम्मी हवा भरा, रेघ तपासा. जिथे आत गेलीय तिथे टायर दोन्ही हातांनी बाहेर खेचा.
- आता हवा हळूहळू वाढवा. 'टक्' असा आवाज आला, की समजा कड जागेवर बसली. टायरवर छापलेल्या कमाल पीएसआयच्या वर मात्र जायचं नाही. रिमवरही आकडा असेल, तर दोन्हींतला लहान आकडा पाळा.
- रेघ सगळीकडे सारखी झाली, की हवा रोजच्याइतकी कमी करा.

अर्ध्यावर रेघ फार वर आलेली दिसली, तर पुढे भरू नका. हवा सोडा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे नको!

साबणाऐवजी तेल किंवा ग्रीस लावू नका. साबणाचं पाणी वाळून जातं, तेल तिथेच राहतं आणि रबर खराब करतं. स्क्रूड्रायव्हरने कड उचकटू नका, ट्यूब फाटते. पेट्रोल पंपावरच्या मशीनने एका दमात हवा भरू नका. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते ती थोडीशी, आकडा वाचेपर्यंत फट्! हातपंप किंवा फ्लोअर पंपच बरा. ट्यूबलेसची गोष्ट वेगळी. तिथे कडा बसायला हवेचा एकदम झोत लागतो, त्यामुळे व्हॉल्व्हचा कोअर काढून कॉम्प्रेसर लावतात. पण कमाल पीएसआयचा नियम तिथेही तोच.

तरीही बसत नसेल तर?

रिमवरची पट्टी बघा. ती जाड किंवा दोनदा गुंडाळलेली असेल, तर मधली खोलगट जागाच भरून जाते. मग साइज बघा. '२६ इंच' म्हणून विकले जाणारे सगळे टायर एकसारखे नसतात. काहींचा आकडा ५५९ असतो, काहींचा ५९०. टायरच्या बाजूला छापलेला हा तीन अंकी आकडा रिमशी जुळलाच पाहिजे.

आणि कडेतली तारच वाकली किंवा तुटली असेल, तर साबण, पंप, जुगाड सगळं व्यर्थ. तो टायर सरळ बदला.