गिझरचा व्हॉल्व्ह गळतो, तेव्हा काय करावे?

मागील हिवाळ्यात औरंगाबादेतील (आताचे छत्रपती संभाजीनगर) आमच्या घरच्या गिझरचा व्हॉल्व्ह ठिबकू लागला. मिस्त्रीने त्याच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकली. ठिबकणे थांबले, पण धोका वाढला. असा ‘इलाज’ दुसऱ्या कोणी करू नये, म्हणून हे चार शब्द.

जुन्या तांब्याच्या बंबातून वाफ सहज निघून जाई. साठवणीचा गिझर मात्र बंद टाकी आहे. थंड पाणी आत येते तेथे हा व्हॉल्व्ह असतो. तो पाणी मागे जाऊ देत नाही आणि दाब हद्दीबाहेर गेला की पाणी बाहेर सोडतो. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर तापवले तर ते सुमारे पाव लिटर वाढते. म्हणून फक्त तापताना थेंब पडत असतील तर फिकीर नको. नळी लावून ते मोरीत सोडावेत. नळीचे तोंड मोकळे ठेवावे.

बटण बंद असतानाही गळत असेल तर बहुधा आत कचरा किंवा क्षार अडकला आहे. बोअरच्या जड पाण्याने हे लवकर होते. आधी वीज बंद करावी, पाणी थंड होऊ द्यावे, मग व्हॉल्व्हचा खटका दोन-तीनदा उचलून पाणी वाहू द्यावे. तरीही गळत राहिल्यास गिझरच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबाला साजेसा नवा व्हॉल्व्ह बसवावा.

टाकी 10 मीटर उंच असेल तर दाब सुमारे 1 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) पडतो. तेवढ्याने व्हॉल्व्ह उघडत नाही. प्रेशर पंप चालू होताच गळती होत असेल, तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावून घ्यावा.

उकळते पाणी किंवा वाफ जोराने येत असेल तर थर्मोस्टॅट बिघडला असे समजावे. मेन स्विच बंद करून दूर व्हावे आणि जाणकाराला बोलवावे. अशा वेळी तोंड बंद असेल तर टाकी फुटू शकते. 1 लिटर पाण्याची सुमारे 1,600 लिटर वाफ होते, हे ध्यानात ठेवावे.

आपले जे बांधव प्लंबिंगचे काम करतात त्यांना विनंती आहे की, गिऱ्हाईकाने आग्रह धरला तरी खुंटी ठोकू नये. नव्या व्हॉल्व्हला एका सदऱ्याच्या कापडाएवढाच खर्च येतो. आम्ही तो केला आणि खुंटी फेकून दिली.