अंगणांतील वाळू व मुलांचे डोळे

घराचें काम निघालें कीं अंगणांत वाळूचा ढीग पडतो. दिवसा तेथें आपलीं मुलें किल्ले रचितात. रात्रीं तो गल्लींतील मोकाट कुत्र्यांचा होतो, याकडे वडील मंडळींचें लक्ष क्वचितच जातें.

कुत्र्यांच्या, विशेषतः पिलांच्या, आंतड्यांत 'टॉक्सोकारा' नांवाचे जंत असतात. पिलांना ते आईच्या उदरांतच जडतात. विष्ठेंतून पडणारीं त्यांचीं अंडीं नुसत्या डोळ्यांस दिसत नाहींत. ताजीं असतां तीं बाधत नाहींत. दोन-चार आठवडे मातींत राहिलीं म्हणजे मात्र घातक होतात व वर्षानुवर्षें टिकूं शकतात. मळक्या हातांवाटे तीं पोटांत गेलीं, कीं अळ्या यकृतांत, फुप्फुसांत, क्वचित् डोळ्यांतही शिरतात. १९५० सालीं अमेरिकेंत हेलेनॉर वाइल्डर यांनीं रोगामुळें काढावे लागलेले ४६ डोळे तपासले; २४ डोळ्यांत जंतांच्या अळ्या सांपडल्या. त्यांतील कांहीं याच जंताच्या, हें पुढें १९५६ सालीं ओळखतां आलें.

उपाय सोपा आहे. ढीग झांकून ठेवावा, विष्ठा ताजी असतांच उचलावी, पाळीव पिलांस पशुवैद्याकडून जंतांचें औषध द्यावें. कुत्र्यांस दगड मारून कांहीं साधत नाहीं. आणि 'हात धुतल्यावांचून पानावर बसूं नको' हा आजीचा नियम आम्ही सोंवळ्याचा समजत होतों. तो मुलांच्या दृष्टीचाही रक्षक आहे!