लाईट गेली की परभणी लागतं

सकाळी सात दहाला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागतात आणि परभणी केंद्र त्या सहक्षेपित करतं. माझं काम तिथून सुरू होतं. बातम्यांशी मला फारसं देणंघेणं नसतं, मला वाचणाऱ्याचा आवाज हवा असतो. काल जोडून झालेला संच ओसरीवर एका जुन्या बॅटरीला लावलेला असतो. गाण्यात बिघाड लपतो. ढोलकी जोरात असली तर आवाज फाटलाय की नाही ते चटकन कळत नाही. बातमी वाचणाऱ्याच्या ‘स’ आणि ‘श’मध्ये मात्र सगळं उघडं पडतं. त्यात जुना जर्मेनियम ट्रान्झिस्टर गार असताना गुणी असतो. अर्ध्या तासाने तापला की करंट वाढत जातो आणि आवाज जाड होतो. म्हणून संच सहा वाजताच चालू करायचा आणि सात दहाला ऐकायचा.

काम म्हणजे जुन्या मोटारींच्या डॅशबोर्डातले मूळचे रेडिओ. आपल्याकडे फियाट-ॲम्बॅसिडरला रेडिओ बहुधा जादा पैसे मोजून बसवून घ्यावा लागे, आणि त्याला पोस्टातून वर्षाचा परवानाही काढावा लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते चाललं. अजूनही एखाद्या गाडीच्या ग्लोव्हबॉक्समध्ये ती तिकिटं चिकटवलेली पुस्तिका सापडते. एवढ्यावर परळीत पोट भरत नाही, हे सांगून टाकतो. पोट भरतं ते भजनी मंडळांच्या ॲम्प्लिफायरवर आणि लग्नसराईतल्या माईकवर. मोटारींचे रेडिओ येतात अंबाजोगाई, गंगाखेड, लातूरकडून, कारण त्यांना हात लावणारं आसपास फारसं कुणी उरलेलं नाही.

साडेआठला दुकान. मोंढ्याच्या मागच्या गल्लीत. आधी फडकं नाही, ब्रश. परळीची धूळ साधी नसते, तिच्यात औष्णिक केंद्राची राख असते. दादाहरी वडगावकडून राखेच्या गाड्या चालू असल्या की टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. ही राख बारीक आणि कणखर असते. आवाजाच्या बटणामागचा कार्बनचा पट्टा ती पॉलिश पेपरसारखी घासते. इथल्या गाडीचा रेडिओ उघडला की पहिला संशय मी त्या बटणावरच घेतो. फडक्याने पुसली की ती आणखी आत जाते.

दहाच्या सुमाराला एक निवृत्त गुरुजी त्यांची पद्मिनी घेऊन आले. सत्तरच्या दशकातली, रंग मूळचा.

“मिस्त्री, गाण्यापेक्षा खरखरच जास्त करायलंय. एकानं आतला ट्रान्झिस्टर गेला म्हणून सांगितलं.”

“गुरुजी, आतलं राहू द्या. आधी इंजिन बंद करा.”

गाडीतल्या रेडिओचा अर्धा रोग रेडिओच्या बाहेर असतो, आणि तो बाहेर उभं राहूनच ओळखायचा. इंजिन बंद करून खरखर थांबली, तर रेडिओ निर्दोष. इंजिनचा वेग वाढवला की शिट्टीसारखा चढत जाणारा आवाज डायनॅमोचा. टकटकटक असा तुटक आवाज प्लगांच्या ठिणगीचा. खड्ड्यात गाडी आपटली की कर्रर्र होतं ते एरियलच्या बुडाशी सुटलेल्या अर्थचं. मग एरियलचा प्लग मागून उपसून बघायचा. तरीही आवाज राहिला तर तो बॅटरीच्या वायरीतून येतोय, गेला तर एरियलमधून. एवढं कळायला पेचकससुद्धा लागत नाही. पण लोक आधी पेचकस काढतात.

गुरुजींच्या गाडीत प्लग उपसताच आवाज गेला. एरियल नवी कोरी होती, बसवणाऱ्याने मडगार्डचा रंग खरवडलाच नव्हता, म्हणजे बुडाला अर्थ नाही. त्याहून वाईट म्हणजे खालून आलेली केबल डिश टीव्हीची. दिसायला दणकट, काळी, गुळगुळीत. पण गाडीच्या एरियलची केबल आतून जवळजवळ पोकळ असते. रुंद नळीत केसासारखी एकच तार, मध्ये हवा. ती तशी मुद्दाम केलेली असते, कारण मीडियम वेव्हसाठी काठीएवढी एरियल फारच आखूड पडते आणि तिने पकडलेला इवलासा सिग्नल केबलच्या कपॅसिटन्समध्येच जिरून जाऊ शकतो. टीव्हीच्या केबलमध्ये तो जिरतो. परभणीचं केंद्र इथून साठ-पासष्ट किलोमीटरवर, तेही मग कुजबुजल्यासारखं ऐकू येतं, आणि त्याच्यावर ठिणगीचा आवाज चढून बसतो.

पत्रा खरवडला, जुनी केबल घातली. मग एरियल एक कांडी खाली दाबून सिग्नल मुद्दाम कमजोर केला आणि रेडिओच्या बाजूच्या छिद्रातून ट्रिमरचा स्क्रू हळूहळू फिरवला. एका जागी आवाज भरून येतो, तिथे सोडून द्यायचा. एरियल किंवा केबल बदलली की हा स्क्रू पुन्हा लावावाच लागतो. कित्येक चांगले संच निव्वळ तेवढ्यावाचून बहिरे म्हणून भंगारात गेले आहेत. गुरुजींच्या रेडिओचं झाकण मी उघडलंसुद्धा नाही. त्यांना ते जरासं खटकलं. उघडलं नाही तर दुरुस्त झालं कसं, असा चेहरा.

बारा ते दोन टेबलावर डॉजचा संच. प्रीमियरने कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवलेल्या पन्नाशीच्या दशकातल्या डॉज-प्लायमाउथपैकी एक. गाडी लातूरकडची, इकडे आलाय फक्त रेडिओ, पोत्यात गुंडाळून. वजनाला चांगला, कारण आत व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर. या संचाचं मला अजून नवल वाटतं. व्हॉल्व्हला दोनशेच्या वर व्होल्ट लागतात आणि गाडीत बॅटरी सहा व्होल्टची. बॅटरीचा डी.सी. ट्रान्सफॉर्मरने वाढत नाही. म्हणून व्हायब्रेटर: लोखंडी डबीत एक पत्ती सेकंदाला शंभरावर वेळा थरथरते, करंट तोडते-जोडते, तो तुटक करंट ट्रान्सफॉर्मरमधून वाढवून पुन्हा सरळ करायचा. बटण फिरवलं की आधी डबी गुणगुणते, मग व्हॉल्व्ह तापतात, मग आकाशवाणी. १९५५ साली क्रायस्लर आणि फिल्को या अमेरिकन कंपन्यांनी सगळा ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ आणला आणि ही गुणगुणणारी डबी हळूहळू इतिहासजमा झाली.

मालकाने मध्यंतरी गाडी बारा व्होल्टची करून घेतली. दिवे बदलले, हॉर्न बदलला, रेडिओ राहिला. फ्यूज उडाला तेव्हा कुणीतरी तिथे सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळला. पुढचं सांगायला नको. व्हायब्रेटरचे पॉइंट एकमेकांना चिकटलेले, दोन व्हॉल्व्हचे फिलामेंट गेलेले. ट्रान्सफॉर्मर मात्र शाबूत. तो जळाला असता तर मी संच तसाच पोत्यात घातला असता.

अशा संचाला थेट करंट कधी द्यायचा नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे बफर नावाचा एक कपॅसिटर असतो, सोळाशे व्होल्टचा. तो फुटका असला तर नवा व्हायब्रेटर मिनिटात मरतो. म्हणून आधी तो कापून टाकायचा, न तपासता. मग कागदी कपॅसिटर सगळे. त्यांच्या मेणाच्या नळ्या मी फेकत नाही. पोकळ करून आत नवा बारका कपॅसिटर घालतो आणि तोंडं बंद करतो. हा थोडा नखरा आहे, मान्य. पण उद्या दुसऱ्या कुणी उघडलं तर त्याला डॉजचाच रेडिओ दिसावा. डायलची काच मात्र कोरड्या मऊ ब्रशनेच. स्पिरिटचा बोळा फिरवला की आकडे बोळ्यावर येतात, आणि ते आकडे परत कुठे छापून मिळत नाहीत.

व्हॉल्व्ह हैदराबादला मिळाले तर मिळतील, कोठीच्या गुजराती गल्लीत जुना माल असणाऱ्यांकडे. परळीची गाडी विकाराबादवरून तिकडे जाते, त्यामुळे मराठवाड्यातल्या माझ्यासारख्याला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा कोठी सोयीची.

अडीचला लाईट गेली.

औष्णिक केंद्राच्या गावात लाईट जाते, हा विनोद गावात इतका जुना आहे की आता कुणी हसत नाही. मला मात्र या वेळेची वाट असते. हल्ली मीडियम वेव्हचा खरा शत्रू गाडीचं इंजिन नाही, एलईडीचे बल्ब आणि मोबाइलचे चार्जर आहेत. प्रत्येकाच्या पोटात करंट सेकंदाला हजारो वेळा तोडणारं सर्किट असतं आणि त्याचा कचरा गल्लीभर पसरतो. लाईट असताना दुकानात १३०५ किलोहर्ट्झवर परभणी म्हणजे घोंगावणारी माशी. लाईट गेली की अख्खी गल्ली एकदम स्वच्छ, आणि माझा संच तर बॅटरीवर. काटा कुठे थांबतो, बाजूला काय कुरकुर आहे, कॉइलीतले गाभे थोडे सरकवायचे का, ही नाजूक कामं मी या वेळेसाठीच राखून ठेवतो. गाभे फिरवायला प्लॅस्टिकची काडी; लोखंडी पेचकस जवळ नेला तरी जुळणी हलते. शेजारचा झेरॉक्सवाला घामाघूम होऊन पायरीवर बसतो आणि मला म्हणतो, “मामा, तुमचंच बरंय.”

चारला लाईट आली आणि पाठोपाठ एक पोरगा. आजोबांची साठच्या दशकातली ॲम्बॅसिडर त्याने नीट केलीय. “काका, समोरची पट्टी आणि बटणं हीच ठेवायची. आतलं सगळं काढा आणि ब्लूटूथ टाका.”

“आतल्याला झालंय काय?”

“आवाजच येईना गेलाय.”

हा संच मी त्याच्यासमोर उघडला. आत एएफ११७ जातीचे ट्रान्झिस्टर, म्हणजे निदान निम्मं झालं. या ट्रान्झिस्टरच्या डबीच्या आतल्या बाजूने कथिलाचे केस उगवतात, डोळ्याला न दिसणारे, आणि वर्षानुवर्षांनी ते आतल्या पायांना टेकतात. वापर असो नसो, पडून राहूनही. त्याला चार पाय असतात. चौथा फक्त डबीला अर्थ करतो. तो कापला की केस टेकलेले असले तरी बऱ्याचदा काम भागतं. कापला. मग बारा व्होल्टला मध्ये ब्रेकलाईटचा बल्ब टाकून, म्हणजे आत शॉर्ट असलाच तर बल्ब पेटेल आणि संच वाचेल, करंट दिला. बल्ब अंधूक लागला आणि स्पीकरमध्ये सूं झालं. पोरगा खाली वाकला.

ब्लूटूथला माझा विरोध नाही. तेवीस वर्षांच्या पोराने दिवसभर परभणी ऐकावं असा आग्रह मी कशाला धरू? माझ्या अटी दोनच. एकही नवं भोक नाही, आणि उद्या काढलं तर संच होता तसा राहिला पाहिजे. आवाजाच्या बटणावर दोन वायरी आणून तसं करता येतं. पण या गाडीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला आहे, जुन्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे. फोन चार्जिंगला लावून त्याचीच ऑडिओची वायर रेडिओला जोडली, तर फोनची मायनस बाजू थेट प्लसला टेकते. म्हणून मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर. तो म्हणाला, बॉडीला मायनसच करून टाकू की. मी म्हटलं, कर, पण रेडिओ आधी माझ्याकडे आणून दे. उलटा करंट गेला की यातला एकही ट्रान्झिस्टर उरायचा नाही.

साडेसहानंतर, अंधार पडायला लागला की मीडियम वेव्ह लांब पोचते. दिवसा सिग्नल गिळणारा वातावरणातला थर सूर्याबरोबर विरतो. ७३८ वर हैदराबाद चढतं, मधूनच मंदावतं, परत येतं. आता पुशबटणाचे संच लावायचे. बटण बाहेर ओढायचं, काटा केंद्रावर आणायचा, बटण आत दाबायचं. त्या जागेवर यंत्र कायमचं अडकतं. मालक जुने असले तर सांगतात की पूर्वी बटण लावलेलं, पण केंद्र जरा बाजूला लागतं. खरंय. नोव्हेंबर १९७८ मध्ये सगळ्या केंद्रांची जागा नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने नव्याने मांडली गेली, तेव्हा बरीचशी थोडीथोडी सरकली. काही डायलवर त्याआधीच्या पेन्सिलच्या रेघा असतात. त्या मी पुसत नाही.

आठला शटर ओढताना फोन. गंगाखेडहून. जुनी जीप घेतलीय, रेडिओसकट.

“बॅटरी सहाची आहे का बाराची?”

“ते कळंना गेलंय. बॅटरीच न्हाई. उद्या नवी बसवायलाव.”

“बसवू नका. आधी बॉनेट उघडून जाड वायरी बघा. बॉडीला बोल्टनं आवळलेली वायर बॅटरीच्या कोणत्या टोकाची हाय, ते टोकावर कोरलेलं असतं. फोटो पाठवा. आणि रेडिओला हात लावू नका.”

“चालू हाय का ते तरी बघू का?”

“नका बघू.”