फिस्कचा सूर कुणी लावला?

एखाद्या विद्यापीठाचा गायकवृंद गाजला की कौतुक होतं ते आवाजांचं. खरं तर त्या वृंदात सगळ्यात अल्पजीवी गोष्ट असते ती आवाजच. विद्यार्थी येतात, तीन-चार वर्षं गातात, पदवी घेऊन निघून जातात, आणि त्यांच्या जागी नवे गळे येतात. तरीही त्या वृंदाचा म्हणून एक सूर पिढ्यान्‌पिढ्या ओळखू येतो. तो राखतात ती माणसं म्हणजे तालीम घेणारा संचालक आणि पियानोवर किंवा ऑर्गनवर साथ करणारा वादक, आणि नेमकी हीच माणसं कौतुकाच्या वेळी मागे राहतात. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरी असलेल्या फिस्क विद्यापीठाच्या ‘ज्युबिली सिंगर्स’ची कहाणी याचं चांगलं उदाहरण आहे. ही कहाणी जगभर एकाच ठशात सांगितली जाते: गुलामगिरीतून नुकतीच सुटलेली मुलं, त्यांच्या गळ्यात उपजत गाणं, ते गाऊन त्यांनी बुडणारं कॉलेज वाचवलं. यात खोटं काही नाही. पण उपजत गळ्यावर सगळा भार टाकला की ज्यांनी ते गाणं बसवलं, जपलं आणि रंगमंचापर्यंत नेलं त्यांचे कष्ट हिशेबातून गळतात. कृष्णवर्णीय कलावंतांच्या बाबतीत तर हे फार सहज होतं. गोऱ्यांची ती विद्या आणि काळ्यांची ती निसर्गदत्त देणगी, अशी वाटणी ठरूनच गेलेली असते.

फिस्क सुरू झालं १८६६ साली, यादवी युद्ध संपल्यावर लगेच, लष्कराच्या जुन्या इस्पितळाच्या बराकींमध्ये. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची गोष्ट वेगळी. तिथल्या चॅपलच्या वृंदात सोळा मुलगे, त्यांच्या जोडीला कॉलेजचे गायक-विद्यार्थी, शिष्यवृत्तीवर नेमलेले दोन ऑर्गनवादक विद्यार्थी आणि सर्वांवर एक संगीत संचालक, अशी घडी बसलेली आहे. आणि तिच्या मागे पाचशे वर्षांहून जुन्या राजाश्रयाचा पैसा आहे. फिस्ककडे यातलं काही नव्हतं. तिथे गाणं शिकवायचं काम पडलं ते खजिनदारावर! जॉर्ज व्हाइट हा लोहाराचा मुलगा, उत्तरेच्या सैन्यातून लढलेला, संगीताचं रीतसर शिक्षण न घेतलेला. कर्ज वाढत चाललेलं, बराकी मोडकळीला आलेल्या. तेव्हा नऊ विद्यार्थी घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी तो गाण्यातून पैसे मिळवायला बाहेर पडला. कॉलेजचा हिशेब सांभाळणाऱ्या माणसाने ताळेबंदाला कंटाळून असा जुगार खेळावा, ही गोष्ट तशी विरळाच.

त्या नऊजणांत एला शेपर्ड होती. या वृत्तांतातलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस कोण, असं विचारलं तर मी व्हाइटच्या आधी तिचं नाव घेईन. १८५१ साली ती गुलामगिरीत जन्मली. वडिलांनी स्वतःचं आणि तिचं स्वातंत्र्य पैसे मोजून विकत घेतलं. आई मात्र मिसिसिपीला नेली गेली आणि युद्ध संपेपर्यंत दुरावली. पुढे सिनसिनाटीत एका गोऱ्या संगीतशिक्षकाने तिला पियानो शिकवायचं कबूल केलं, पण अटी घालून: कुठे वाच्यता करायची नाही, मागच्या जिन्याने यायचं, आणि तेही रात्री नऊ ते पावणेदहा या वेळात. असे जेमतेम बारा धडे तिला मिळाले. वडील कॉलऱ्याने गेल्यावर तिने शाळेत शिकवून पोट भरलं आणि १८६८ मध्ये सहा डॉलर गाठीशी घेऊन ती फिस्कला आली. सहा डॉलर संपायला किती वेळ लागणार? पण पियानो शिकवता येतो म्हटल्यावर कॉलेजने तिला शिकवायला ठेवून घेतलं. विद्यार्थिनी असतानाच ती फिस्कची पहिली कृष्णवर्णीय शिक्षिका झाली, आणि वृंदाची पियानोवादक व तालमीतला व्हाइटचा उजवा हातही.

आता गाण्याकडे येऊ. सुरुवातीच्या कार्यक्रमांत ही मुलं गात होती ती गोऱ्या समाजात रुळलेली गाणी. ‘स्पिरिच्युअल’ म्हणजे गुलामांनी शेतावर आणि लपूनछपून भरवलेल्या प्रार्थनासभांत रचलेली भक्तिगीतं. ती लोकांपुढे गाण्याची त्यांची तयारी नव्हती. शेपर्डने नंतर लिहून ठेवलं आहे की ही गाणी त्या काळ्या दिवसांशी बांधलेली होती, आईवडिलांच्या लेखी ती पवित्र होती, आणि चारचौघांत ती गाणं त्यांना नकोसं वाटायचं. म्हणून व्हाइटच्या घरी, खुर्च्या अपुऱ्या असल्याने जमिनीवर बसून, हलक्या आवाजात मुलं एकमेकांकडून ती शिकत. इथे साथीदाराची जागा कळते. व्हाइटला त्या गाण्यांचं मोल कळलं, पण ती त्याची नव्हती. मुलांची ती होती, पण चार आवाजांत ती कशी बांधायची हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. दोन्हीकडचं जाणणारी शेपर्ड होती. आईच्या पिढीचं गाणं तिच्या कानात होतं आणि मागच्या जिन्याने मिळवलेली स्वरलिपी बोटांत. ऐकलेली चाल पट्टीवर आणायची, सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास यांच्या ओळी वेगळ्या करून घोटून घ्यायच्या, मग त्या एकत्र आणायच्या, हे काम असं माणूस असल्याशिवाय होत नाही.

यावर पहिला आक्षेप अगदी साधा आहे. ही गाणी तर वाद्याशिवायच गायली जात, मग साथीदाराचं एवढं कौतुक कशाला? उलट मला वाटतं, वाद्याशिवाय गायचं असेल तर तालमीतला वादक जास्तच लागतो. आपल्याकडे गवयाच्या मागे तानपुरा सतत षड्ज देत असतो, त्यामुळे सूर कुठे घसरला ते लगेच कळतं. नऊ-दहा जणांच्या बिनवाद्य वृंदाला असा आधार नसतो. गाणं पुढे सरकतं तशी सगळ्यांची पट्टी मिळून खाली उतरू लागते, आणि उतरतेय हे गाणाऱ्यांना कळतही नाही, कारण सगळे एकमेकांशी जुळलेलेच असतात. ते पकडणारा कान बाहेरचा लागतो, आणि तो तालमीतच लागतो. त्यात व्हाइटचा आग्रह होता अगदी दबक्या, एकजीव आवाजाचा. ‘स्टील अवे’ हे गाणं ते इतक्या हळू सुरू करत की सभागृहाला कान टवकारावे लागत. मोठ्याने गाताना चूक झाकते, हळू गाताना उघडी पडते. ज्या गायनाला लोक निसर्गदत्त म्हणत होते त्याच्या मागे इतकी घोटाई होती.

फळही मिळालं. पहिल्या दौऱ्यातून त्यांनी कॉलेजसाठी वीस हजार डॉलर आणले. १८७३ च्या मे महिन्यात लंडनला आर्गाइलच्या ड्यूकच्या घरी राणी व्हिक्टोरियापुढे त्यांचं गाणं झालं. हे ड्यूक त्या वेळी भारतमंत्री होते, म्हणजे पुण्या-मुंबईचा कारभार ज्यांच्या सहीने चाले तेच. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली, आणि ती त्यांनी अर्पण केली होती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेला. जोतीरावांनी ज्या मुक्तीला हात जोडले, त्या मुक्तीची पहिली पिढी त्याच सुमारास भारतमंत्र्यांच्या दिवाणखान्यात गात होती. सात वर्षांत एकूण दीड लाख डॉलर जमले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या ज्युबिली हॉलचं १ जानेवारी १८७६ रोजी उद्‌घाटन झालं. त्याची किंमतही मोजावी लागली. सततच्या दौऱ्यांनी गायकांच्या तब्येती ढासळल्या, व्हाइटशी खटके उडू लागले, आणि १८७८ मध्ये जर्मनीत हँबर्गला हा वृंद फुटला. शेपर्ड शेवटपर्यंत बरोबर होती. मग श्रेय व्हाइटचंच नाही का, असं कुणी म्हणेल. योजना त्याची, धाडस त्याचं, हे मान्यच. पण या गाण्यांचं १८७२ साली निघालेलं पुस्तक उघडलं तर स्वरलेखन करणारा म्हणून नाव दिसतं थिओडोर सीवर्डचं. व्हाइट आणि सीवर्ड यांची नावं कागदावर होती. जमिनीवर बसून गाणी गोळा करणाऱ्यांची उजेडात यायला कितीतरी वर्षं गेली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो घरातूनच आला. लेखिका आणि लोकसाहित्याची अभ्यासक झोरा नील हर्स्टन हिने १९३४ मध्ये लिहिलं की मैफलीत गायली जाणारी ही गाणी खरी स्पिरिच्युअल नव्हेतच. तिच्या मते खरं गाणं मंडळीत उमटतं, दर वेळी निराळं होतं, त्याच्या कडा ओबडधोबड असतात, आणि कॉलेजांनी त्याला इस्त्री करून ठेवलं. हे बऱ्याच अंशी खरं आहे. चार आवाजांत बांधलं की गाणं ठरून जातं, आणि ठरलेलं गाणं मंडळीच्या गाण्यासारखं श्वास घेत नाही. पण भीमसेन जोशींची संतवाणी आणि दिंडीतला अभंग एक नव्हेत म्हणून संतवाणी खोटी ठरत नाही. ती दुसऱ्या जागेसाठी केलेली दुसरी कृती असते, आणि तिच्यावर कुणाच्या तरी हाताचा ठसा असतो. हर्स्टनच्या टीकेतून माझा मुद्दा उलट पक्काच होतो: फिस्कचं गाणं आपोआप झालेलं नाही, ते घडवलेलं आहे. फिस्कमध्येच शिकलेल्या डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर या गाण्यांचे सुरांचे तुकडे नुसत्या स्वरलिपीत छापले. कुणीतरी आधी लिहून ठेवलं होतं म्हणूनच ते छापता आले.

पुढची हकीकत याच वळणाने गेली. फ्रेडरिक लाउडिन या जुन्या सदस्याने वेगळा संच बांधून १८८४ ते १८९० या काळात ऑस्ट्रेलिया, भारत, जपान असा दौरा केला. फिस्कमध्ये वृंद पुन्हा उभा केला जॉन वर्क यांनी, आणि ते होते लॅटिनचे अध्यापक! खजिनदारानंतर लॅटिनचा मास्तर. गाणी जमवणं, छापणं, मुलांना शिकवणं, हे सगळं त्यांनी नेमून दिलेलं काम सांभाळून केलं. १९०९ मध्ये त्यांच्या चौघांच्या संचाचं ध्वनिमुद्रण झालं. पण विद्यापीठाच्या वरिष्ठांना या गाण्यांचं प्रेम नव्हतं, आणि १९२३ मध्ये वर्क यांनी फिस्क सोडलं. संचालक गेला तर वृंदाचं काय होतं, याची काळजी ज्या संस्थेला नाही तिने वृंदाच्या नावावर देणग्या मागू नयेत, असं माझं मत आहे. १९९४ ते २०२२ हा वृंद सांभाळला पॉल क्वामी यांनी. ते घानाहून फिस्कला शिकायला आले होते आणि विद्यार्थी असताना याच वृंदात गायले होते. त्यांच्या संचालकत्वाखाली ज्युबिली सिंगर्सना २०२१ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

१९०९ ची ती ध्वनिमुद्रणं आज इंटरनेटवर सहज ऐकायला मिळतात. खरखर आहे, पण चार आवाज एकमेकांत कसे बसलेत ते स्पष्ट कळतं. जरूर ऐका, आणि ऐकून झाल्यावर एला शेपर्डविषयी वाचा. १९१४ साली ती गेली, तोवर ज्युबिली हॉल उभा राहून अडतीस वर्षं झाली होती. तो आजही फिस्कच्या आवारात उभा आहे.