परसातील मिश्र कळपाचा रोजचा सांभाळ व आहार

आपल्या खेड्यांतून ज्या घरी दोनचार कोंबड्या नाहीत असे घर विरळाच. ह्या कोंबड्या बहुधा एका जातीच्या अगर एका वयाच्या नसतात. त्यांत काही गावठी कोंबड्या असतात, उबवणी केंद्रातून आणलेल्या गिरिराज अगर वनराज जातीच्या तलंगा असतात, एखादा कडकनाथ कोंबडा असतो, रवणीवरून उठलेल्या कोंबडीमागे फिरणारी पिले असतात आणि पाण्याची सोय असेल तेथे दोन बदकेही असतात. २०१९ च्या पशुगणनेत देशातील ८५ कोटींहून अधिक कुक्कुट पक्ष्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील आढळले. तेव्हा हा जोडधंदा दिसावयास लहान असला तरी क्षुल्लक नव्हे. अंड्यांचा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती पडतो व मीठमिरची, मुलांच्या वह्या अशा गरजा त्यातून भागतात. कळप बुडाला म्हणजे प्रथम हा आधार तुटतो.

मिश्र कळपाची अडचण अशी की त्यातील प्रत्येक पक्ष्याची गरज निराळी असते, परंतु दाणा मात्र सर्वांना एकाच वेळी, एकाच अंगणात टाकला जातो. त्यामुळे दांडगा कोंबडा पोट भरून घेतो, पिले उपाशी राहतात आणि अंड्यावरील कोंबडीस जे हवे असते ते तिला मिळत नाही. थोडी व्यवस्था केली तर त्याच खर्चात हे टाळता येते.

कोणास काय हवे

वाढत्या पिलांस प्रथिने अधिक लागतात. पहिल्या आठ आठवड्यांत त्यांच्या खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिने असावीत. तलंगांस १६ टक्के पुरतात. अंड्यावरील कोंबडीस प्रथिनांबरोबर चुनाही भरपूर लागतो, कारण प्रत्येक अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. तो खाद्यातून न मिळाल्यास कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते. मग कवच पातळ होते, पाय दुबळे होतात व शेवटी अंडी थांबतात.

याउलट अंड्यावरील कोंबड्यांसाठी बाजारात मिळणारे तयार खाद्य पिलांस व तलंगांस नेहमी घालणे हानिकारक आहे. त्यात ३॥ ते ४ टक्के कॅल्शियम असते व एवढ्या कॅल्शियमने लहान पक्ष्यांची मूत्रपिंडे बिघडतात. मिश्र कळपासाठी सोपा मार्ग असा : सर्वांचे खाद्य कमी चुन्याचे ठेवावे आणि शिंपल्यांचा अगर चुनखडीचा जाडसर चुरा वेगळ्या मातीच्या परळात नेहमी भरून ठेवावा. अंड्यावरील कोंबडी आपल्या गरजेप्रमाणे तो टिपते. कोंबडा व तलंगा त्यास फारसे तोंड लावीत नाहीत. घरातील अंड्यांची टरफलेही वाळवून, भाजून व बारीक कुटून ह्यात मिसळावी. ती अखंड टाकू नयेत. त्यामुळे कोंबड्यांस अंडी फोडून खाण्याची खोड लागण्याचा संभव असतो.

पिलांच्या खाद्यासाठी बांबूचे मोठे डालगे जमिनीपासून तीन बोटे उचलून, खाली विटांचा आधार देऊन ठेवावे. पिले खालून आत शिरतात, मोठ्या कोंबड्यांस शिरता येत नाही. हीच पिलांची पंगत.

परसातून काय मिळते

मोठ्या कोंबडीस दिवसाकाठी सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. मोकळी फिरणारी कोंबडी यातील बराच भाग सांडलेले दाणे, कोवळे गवत, किडे, गांडुळे व वाळवी यांतून मिळविते. पावसाळ्यात किडे व हिरवा चारा मुबलक असतो. सुगीनंतर खळ्यावर दाणे पुष्कळ सापडतात, पण किडे कमी होतात, म्हणजे पोट भरते परंतु प्रथिने कमी पडतात. उन्हाळ्यात दोन्हींची टंचाई असते. यास्तव वरचे खाद्य बारा महिने सारखे न घालता ऋतूप्रमाणे कमीजास्त करावे.

सर्वसाधारणपणे मोठ्या पक्ष्यास रोज ४० ते ५० ग्रॅम वरचे खाद्य पुरते. उदाहरणार्थ, १० कोंबड्या, १ कोंबडा व ६ तलंगा असा कळप असल्यास मोठ्यांस ५५० ग्रॅम व तलंगांस २४० ग्रॅम, म्हणजे रोज सुमारे ८०० ग्रॅम व महिन्यास २४ किलो खाद्य लागेल. ते पुरते की नाही हे पाहण्याची कसोटी कोंबडीच्या गळ्याखाली आहे. रात्री कोंबड्या दांडीवर बसल्यावर दोनचार कोंबड्यांची अन्नपिशवी हलक्या हाताने चाचपावी. ती भरलेली लागली तर खाद्य पुरे, रिकामी लागली तर वाढवावे.

घरचे मिश्रण

पुढील मिश्रण दहा किलोचे आहे व त्यात सुमारे १६ ते १७ टक्के प्रथिने मिळतात.

मका, ज्वारी अगर बाजरीची भरड : ६ किलो
भाताचा अगर गव्हाचा कोंडा : १॥ किलो
शेंगदाण्याची पेंड : १॥ किलो
बिनमिठाच्या सुकटीचा चुरा : ७५० ग्रॅम
खनिज मिश्रण : २०० ग्रॅम
मीठ : ५० ग्रॅम

सुकट खारवलेली असल्यास ती अगदी थोडी वापरावी व वरून मीठ मुळीच घालू नये. जास्त मीठ कोंबड्यांस, विशेषतः पिलांस, विषासमान ठरते. पिलांसाठी शक्यतो तयार पिलांचे खाद्य आणावे. बारा पिलांस पहिल्या महिन्यात सुमारे पाच किलो पुरते. हिरव्या पाल्यासाठी शेवगा, लसूणघास, मेथीची देठे अगर अझोला द्यावा. पाला जमिनीवर न टाकता जुडी बांधून कोंबडीच्या डोक्याएवढ्या उंचीवर टांगावा, म्हणजे तुडविला जात नाही.

वाळवी मिळविण्याची युक्तीही उपयोगी आहे. जुन्या मडक्यात शेण, काडीकचरा व गोणपाटाचा तुकडा भरून, थोडे पाणी शिंपडून, वारुळाजवळ ते पालथे ठेवावे. एकदोन दिवसांत त्यात वाळवी भरते. ती पिलांस घालावी.

खाद्यातील धोके

बुरशी आलेली पेंड अगर मका "कोंबड्यांस चालेल" म्हणून घालणे हा मोठा धोका आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचे विष, ज्यास आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात, ते कारण ठरले. बदकांची पिले ह्या विषास सर्वांत आधी बळी पडतात. खाद्य उन्हात चांगले वाळवून, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावे व पावसाळ्यात एका वेळी पंधरा दिवसांपुरतेच आणावे.

सोयाबीन कच्चे घालू नये. त्यातील एक द्रव्य प्रथिनांचे पचन रोखते. ते नीट भाजून भरडावे. सरकीची पेंड अंड्यावरील कोंबड्यांस देऊ नये. तिच्यातील गॉसिपॉलमुळे साठविलेल्या अंड्यांचा बलक हिरवट होतो व गिऱ्हाईक अंडे परत करते.

पाणी

कोंबडी जेवढे खाते त्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते व उन्हाळ्यात त्याहून अधिक. एक दिवस पाणी तुटले तरी त्याचा परिणाम पुढील अनेक दिवसांच्या अंड्यांवर दिसतो. भांडे सावलीत, विटेवर ठेवावे, रोज घासावे व पाणी दोनदा बदलावे. बदके चोच बुडवून पाणी घाण करतात व भोवतालची जागा चिखल करून टाकतात, म्हणून त्यांचे भांडे कोंबड्यांपासून दूर असावे. मात्र ते नाकपुड्या बुडतील इतके खोल हवे. ओल्या जागेत पिलांस रक्ती हगवण होते. रात्रीही बदकांस वेगळ्या खणात ठेवावे. टर्की पक्षी मात्र कोंबड्यांच्या कळपात पाळूच नयेत. कोंबड्यांच्या आतड्यांतील जंतांबरोबर पसरणारा यकृताचा एक रोग टर्कीस मारक असतो.

खुराडे

रात्रीच्या निवाऱ्यासाठी मोठ्या कोंबडीस दीड ते दोन चौरस फूट जागा धरावी. खुराड्यास वरच्या बाजूने हवा खेळती असावी व जाळी अशी बारीक असावी की मुंगसाचे डोके आत शिरू नये. तळाशी भाताचा तूस अगर लाकडाचा भुसा चार बोटे घालून तो आठवड्यातून दोनदा वरखाली करावा. ओला भाग काढून टाकावा. बसावयास दांड्या सर्व एका उंचीवर लावाव्या, म्हणजे वरच्या जागेसाठी भांडणे होत नाहीत. चारपाच कोंबड्यांस एक अंडी घालण्याची पेटी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. अंगणात राख व बारीक माती यांचा खड्डा असावा. त्यात लोळून कोंबड्या उवा व पिसवा झाडून टाकतात.

मानमोडी

वर्षभर केलेला हा सर्व सांभाळ चार दिवसांत वाया घालविणारा रोग म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत. पक्षी मलूल होतो, श्वासासाठी चोच उघडतो, हिरवट-पांढरे हगतो, पंख पाडतो व पुढे मान पिळवटते. रोग झाल्यावर त्यावर औषध नाही. लस हाच उपाय. पिलांस ५ ते ७ व्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात अगर नाकात टाकावा, चौथ्या आठवड्यात पुन्हा द्यावी व आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस कातडीखाली टोचून घ्यावी. ह्या शेवटच्या लसीचे वाण मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत तयार झालेले आहे. ती याहून लहान पिलांस देऊ नये व टोचण्यापूर्वी आठवडाभर जंताचे औषध पाजावे. पुढील मात्रा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने घ्याव्या.

लस बर्फात ठेवावी लागते, एक कुपी शंभर अगर अधिक पक्ष्यांस पुरते व कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. त्यामुळे एका घरास ती परवडत नाही. म्हणून आळीतील सर्व घरांनी दिवस ठरवून, पहाटे कोंबड्या सोडण्यापूर्वी, एकत्र लस टोचून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. शेजाऱ्याचा कळप असुरक्षित राहिला तर आपलाही धोका वाढतो, कारण कोंबड्यांस बांध व कुंपण ठाऊक नसते.

आठवडी बाजारातून आणलेला पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय कळपात सोडू नये. मेलेला पक्षी ओढ्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास त्यांना हात न लावता व ते न विकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूर येथे देशात प्रथम आढळलेला बर्ड फ्लू आपल्याच राज्यातील होता, हे विसरू नये.

रोजचा क्रम

सकाळी खुराडे उघडताना पक्षी मोजावे व कोण मागे राहतो ते पाहावे; आजाराची पहिली खूण तीच. पाणी भरावे, खाद्याचा तिसरा हिस्सा घालावा व कळप सोडावा. दुपारी अंडी गोळा करावी. सायंकाळी दिवस मावळण्यापूर्वी उरलेले दोन हिस्से खुराड्याजवळ घालावे. त्या ओढीने सर्व पक्षी वेळेवर घरी परततात. पुन्हा मोजून दार लावावे. ह्या कामास दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ नेमाने दिला तर परसातील हा कळप घरास वर्षभर हातभार लावील.