मातीचा वास कोण बनवतं?

मे महिन्यात जालन्याच्या काळ्या रानाला भेगा पडतात. बदनापूरला जा, अंबडला जा की घनसावंगीला. वावरातलं ढेकूळ हाताला दगडासारखं लागतं. मग मृगाची पहिली सर येते आणि बघता बघता शिवारभर तो वास पसरतो. आपण म्हणतो, मातीचा वास सुटला. पण त्यातला तो ओला, मातकट गंध मातीचा नसतोच. तो बनवलेला असतो जिवाणूंनी!

त्या गंधद्रव्याचं नाव जिओस्मिन. बीट खाताना जो मातकटपणा जाणवतो, तोही त्याचाच. आणि आपलं नाक त्याच्या बाबतीत किती तिखट असावं? वीस लाख लिटर पाण्याच्या शेततळ्यात चिमूटभर मिठाहूनही कमी जिओस्मिन मिसळलं, तरी तेवढ्यावरून आपल्याला त्याचा वास ओळखू येऊ शकतो.

हे द्रव्य बनवणाऱ्यांत आघाडीवर आहेत स्ट्रेप्टोमायसीस. जात जिवाणूची, पण वाढ बुरशीसारखी: मातीच्या कणांतून बारीक धागे पसरत जातात. या धाग्यांना जागा सोडून पळता येत नाही. मग आसपासचं अन्न संपलं, तर करायचं काय? वसाहत चक्क स्वतःचाच एक भाग विरघळवते. त्यातून मिळालेल्या पोषणावर हवेत नवे धागे उभे राहतात आणि त्यांच्या टोकांना बीजाणूंच्या माळा धरतात.

नेमकं याच सुमाराला जिओस्मिन सुटतं. कशासाठी? २०२० साली एका संशोधनातून उत्तर पुढे आलं. स्प्रिंगटेल नावाचे उड्या मारणारे इवलेसे जीव या वासामागे येतात, स्ट्रेप्टोमायसीस खातात आणि अंगाला चिकटलेले बीजाणू दूरवर नेऊन टाकतात. आपल्याला वेड लावणारा हा गंध म्हणजे बियाणं वाहून नेणाऱ्याला घातलेली साद!

आता खरी गंमत पाहा. वसाहतीने स्वतःला विरघळवून जे अन्न तयार केलं, ते पडलंय उघड्यावर आणि चिमूटभर मातीत शेजारी आहेत कोट्यवधी. राखण कोण करणार? हुरड्यात आलेल्या ज्वारीची राखण आपण कशी करतो? माळ्यावर उभं राहून गोफण फिरवतो. स्ट्रेप्टोमायसीसही गोफण फिरवतात, पण त्यांचे दगड रसायनांचे. त्या दगडांना आपण अँटिबायोटिक म्हणतो.

१९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शात्झ या तरुणाला असाच एक दगड सापडला: स्ट्रेप्टोमायसिन, क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक. ते शत्रूच्या पेशीतलं प्रथिनं घडवणारं यंत्रच बिघडवतं. मग बनवणाऱ्याचं स्वतःचं यंत्र का बिघडत नाही? कारण पेशीच्या आत हे औषध म्यानात असतं: त्याला फॉस्फेटचा एक गट जोडून निष्प्रभ केलेलं. बाहेर पडल्यावर तो गट निघतो आणि तलवार उपसली जाते.

महाराष्ट्रानेही हा खजिना उपसला आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथे एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्ट्रेप्टोमायसीसपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवलं. त्या जिवाणूचं शास्त्रीय नाव ठाऊक आहे? स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना! आपल्या पिंपरीचं नाव जिवाणूशास्त्रात कायमचं कोरलं गेलं. इथलंच दुसरं औषध ऑरिओफंजिन. ते पिकांसाठी होतं आणि लिंबूवर्गीय झाडांच्या डिंक्या रोगावरही वापरलं गेलं. भौगोलिक मानांकन मिळवलेल्या मोसंबीच्या जालना जिल्ह्यात डिंक्या म्हणजे काय, हे बागायतदाराला वेगळं सांगायला नको.

आता काळ्या रानातून थेट समुद्रतळाशी चला. तिथे खडकाला चिकटून बसलाय स्पंज. हा प्राणीच, पण त्याला दात नाहीत, कवच नाही, पळायला पाय नाहीत. किलोभराचा स्पंज दिवसाला हजारो लिटर पाणी गाळतो, म्हणजे येणारा प्रत्येक रोगजंतू त्याच्या अंगातूनच जातो. तरी तो टिकतो कसा? तोही रसायनांवरच. १९५० पासून कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजाच्या अनोख्या रेणूंची माहिती प्रसिद्ध होत गेली आणि त्यांच्याच धर्तीवर पुढे रक्ताच्या कर्करोगावरचं सायटाराबिन घडलं.

पण स्पंजांमधली ही औषधं खुद्द स्पंजच बनवतो का? काही स्पंजांच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भाग जिवाणूंचाच असतो! २०१४ मध्ये एका स्पंजाबद्दल उलगडा झाला, की त्याच्या नावावर जमा असलेली बहुतेक रसायनं प्रत्यक्षात त्याच्या अंगातले एन्टोथिओनेला नावाचे जिवाणू बनवतात. आणि इंडोनेशियातल्या एका स्पंजात मॅन्झामाइन बनवताना सापडला मायक्रोमोनोस्पोरा, म्हणजे आपल्या रानातल्या स्ट्रेप्टोमायसीसचाच भाऊबंद. वावरात धागा, समुद्रात स्पंज. जागा सोडता येत नाही, तिथे रसायनच ढाल होतं.

२००२ मध्ये एका स्ट्रेप्टोमायसीसचा जनुकसंच पूर्ण वाचला गेला. सुमारे ७,८०० जनुकं निघाली आणि त्यांत अशी खास रसायनं बनवणारे वीसहून अधिक गट. त्यांतली मोजकीच रसायनं तोवर माहीत होती. बाकीचे बरेच गट प्रयोगशाळेत गप्प बसतात; त्यांना बोलतं करणारा शेजार, तहान, भूक मातीतच असते. मृगाची सर पडते, तेव्हा आपल्या नाकाशी येतो तो या कारखान्याचा नुसता वास. मालाची कितीतरी कोठारं अजून बंदच आहेत.