बेटाच्या पोटातलं गोडं पाणी

‘लॉस्ट’ ही मालिका पहिल्यांदा पाहणारा माणूस रानातल्या अदृश्य राक्षसाला घाबरतो. तीच दुसऱ्यांदा पाहणारा, त्यातून तो कोकणातला असेल, तर राक्षस सोडून पाण्याची काळजी करायला लागतो.

पहिल्या पर्वाचा पाचवा भाग, ‘व्हाइट रॅबिट’, अमेरिकेत २० ऑक्टोबर २००४ ला दाखवला गेला. विमान कोसळलंय, ४८ माणसं अनोळखी बेटावर अडकलीत आणि बाटल्यांतलं पाणी संपत आलंय. गरोदर क्लेअर उन्हात चक्कर येऊन पडते. उरलेल्या बाटल्या कुणीतरी पळवतं आणि काल एकमेकांना सांभाळणारे आज एकमेकांवर धावून जातात. तिकडे डॉक्टर जॅक मेलेल्या वडिलांच्या भासामागे रानात शिरतो, आणि त्याला वाहतं गोडं पाणी सापडतं. खारेपाटणला घरी, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी हा भाग परत पाहिला. बापलेकाची गोष्ट सुरेख आहेच, पण डोक्यात घुमत राहिला तो भलताच प्रश्न. चारी बाजूंनी खारट समुद्र, मग मधे गोडं पाणी आलं कुठून? आणि आलं तर आलं, ते खारट का झालं नाही?

हा प्रश्न काही मालिकेपुरता नाही. मालवणच्या किनाऱ्यावरून होडीत बसा. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग किल्ला शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला बांधायला घेतला. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तटाला लाटा धडकतात आणि तटाच्या आत माणसं गोडं पाणी शेंदतात! किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात.

पाणी येतं वरून, यात गूढ काही नाही. किल्ल्याचा विस्तार साधारण ४८ एकर. (मालिकेतली माणसंही ४८, निव्वळ योगायोग.) पावसाळ्यात नुसता दोन मीटर पाऊस धरा, कोकणात तो काही फार नव्हे. हिशेब केला तर एवढ्याशा बेटावर जवळजवळ ३९ कोटी लिटर पाणी पडतं. बरंचसं समुद्रात वाहून जातं, काही उन्हानं उडतं. उरलेलं जमिनीत मुरतं.

खरं नवल इथून पुढे. जमिनीखाली समुद्राचं पाणी आधीच येऊन बसलेलं असतं, कारण वाळूतल्या पोकळ्या आणि खडकातल्या फटी त्याला अडवत नाहीत. मग वरून मुरणारं गोडं पाणी त्यात मिसळून जायला हवं ना? तसं होत नाही. एक लिटर समुद्राचं पाणी एक लिटर गोड्या पाण्यापेक्षा फक्त २५ ग्रॅमनं जड असतं. साधारण तीन-चार चमचे मिठाचं वजन म्हणा. तेवढ्या फरकावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर चक्क तरंगत राहतं! वर समुद्रात लाटा दोन्ही पाणी घुसळून एक करतील, पण वाळूच्या कणांमध्ये लाटा कुठून येणार? तिथे मिसळणं फार सावकाश चालतं, आणि दर पावसाळ्यात वरून नवी भर पडत राहते.

तरंगतं म्हणजे किती? खाडीत पडलेला नारळ आठवा, थोडासा वर आणि बाकी सगळा पाण्याखाली. इथलं प्रमाण तर त्याहून अचाट आहे. जमिनीतलं गोडं पाणी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर उभं असेल, तर सपाटीखाली ते सुमारे ४० मीटर खोल गेलेलं असतं. ४१ मीटर गोड्या पाण्याचं वजन ४० मीटर खाऱ्या पाण्याइतकं भरतं, म्हणून तराजू समतोल राहतो. हे गणित एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाडोन घायबेन या डच लष्करी अभियंत्यानं मांडलं, आणि १९०१ मध्ये जर्मनीच्या हर्झबर्गनं किनाऱ्याजवळच्या बेटांवर काम करताना स्वतंत्रपणे तेच सांगितलं. त्या दोघांच्या नावानंच ते आज शिकवलं जातं. सिंधुदुर्गच्या बावी तेव्हा दोनशे वर्षांच्या म्हाताऱ्या होत्या.

अर्थात हे पुस्तकी गणित आहे, आणि ते वाळूत छान बसतं. खडकाळ बेटावर पाणी मिळेल त्या फटीतून वाट काढतं, त्यामुळे एक विहीर गोड आणि जवळचीच दुसरी मचूळ निघू शकते. योग्य जागा हेरणाऱ्यांचं कौतुक वाटतं ते म्हणूनच.

मालवणजवळच्या देवबागला तर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी आणि मधे वाळूचा चिंचोळा पट्टा. तिथे लोक बावी खणून पिढ्यानपिढ्या राहिले. तिथला एखादा माणूस त्या विमानात असता, तर भासामागे धावण्याऐवजी त्यानं भरतीच्या रेषेपासून बराच आत, वाळूच्या उंचवट्यामागे एक उथळ खड्डा खणला असता. उथळच, कारण खोल गेलं की खारं लागतं. अर्थात मग मालिका पाचव्या भागातच आटोपली असती!

गंमत अशी, की मालिकेचं चित्रीकरण झालं ते हवाईतलं ओआहू बेट स्वतः याच युक्तीवर जगतं. तिथे १८७९ मध्ये जेम्स कॅम्पबेलच्या जमिनीत विहीर पाडली आणि पाणी आपोआप वर उसळून आलं. होनोलुलू शहराला आजही मुख्यतः समुद्राच्या पाण्यावर तरंगणारं हेच भूजल पुरतं. पडद्यावर तहानेनं व्याकूळ झालेल्यांच्या पायाखाली खरोखरच पाण्याचा डोंगर होता.

आणि आमचं खारेपाटण? इथे इ.स. १००८ चा शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट सापडला. त्यात परदेशांतून येणाऱ्या जहाजांवर सोन्याच्या कराची नोंद आहे. लांबून आलेल्या त्या खलाशांना आधी काय हवं असेल, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. नदी आणि खाडी जिथे भेटतात तिथे, म्हणजे आमच्याकडेही, हाच खेळ चालतो, फक्त आडवा. भरतीचं जड खारं पाणी तळानं आत सरकतं, नदीचं हलकं पाणी त्याच्यावरून समुद्राकडे जातं. पावसाळ्यात नदीची सरशी, एप्रिल-मेमध्ये समुद्राची.

४० पटींचं ते गणित उलटंही चालतं, आणि तिथेच ते महागात पडतं. पंप लावून विहिरीतलं गोडं पाणी कायमचं एक मीटर खाली नेलंत, तर खालचं खारं पाणी हळूहळू ४० मीटर वर चढू पाहतं. कळशीनं शेंदणाऱ्यांच्या काळात विहिरीला सावरायला वेळ मिळायचा, मोटरला तेवढा धीर नसतो. म्हणून किनाऱ्यालगत घर असेल आणि मे महिन्यात बावीचं पाणी मचूळ लागायला लागलं, तर विहीर आणखी खोल खणू नका. पंप बंद करा, विहिरीला सावरायला वेळ द्या, आणि मग लागेल तेवढंच, थोडं थोडं काढा.